कोरडा आ

डर्बीत हिवाळ्यात चारलाच दिवे लागतात
आणि मी मोहरीच्या मागे लागतो.
फोडणी करतो, तेल गाळणीतून सोडतो,
मोहरी मागे राहते, कढीपत्ता मागे राहतो,
वरणाला नुसता वास मिळतो.
मोरूदादाला एवढंच चालतं आता.

वरणभात एकजीव, चाळणीतून दोनदा.
चमचा तिरका केला की गोळा अख्खा घसरावा,
ओघळू नये, चिकटूनही बसू नये.
हे ग्वेनने शिकवलं. ती गुरुवारी येते,
दारात बूट काढते, कारण एकदा दादाने बघितलं होतं,
आणि त्याच्या गळ्यावर दोन बोटं टेकवून
नाडी बघणाऱ्या वैद्यासारखी गप्प होते.
कंठमणी वर गेला.
खाली आला.
आता आ म्हणा.
दादा आ म्हणतो.
कोरडा आला तर घास पोटात.
ओला आला, गुळणी धरून बोलल्यासारखा,
तर घासाने वाट सोडली.

खोकला येईलच असं नाही, ती म्हणते.
आमच्याकडे ठसका लागला की म्हणायचे,
कुणीतरी आठवण काढली.
दादाची आठवण काढणारे उरलेत चारपाच
आणि ठसका मुका.

पाणीसुद्धा दाट करायचं.
डब्यावर लिहिलीय तेवढी पावडर, ढवळायचं, थांबायचं.
पहिल्या दिवशी सवयीने त्याने ते ओंजळीत घेतलं
ताटाभोवती फिरवायला.
फिरेचना.
ताटाच्या कडेला एक थेंब
गोगलगायीसारखा बसून राहिला.
"देवालाही हेच का?"
स्ट्रोकनंतरचं त्याचं पहिलं अख्खं वाक्य.

पाठ ताठ, हनुवटी खाली, टीव्ही बंद.
चमचा लहान, भरायचा अर्धा.
मला घाई होते. मी अडुसष्टचा, माझीही कंबर आहे,
चमचा पुढे जातो आधीचा घास उतरायच्या आत.
दादा डावा हात वर करतो.
रेल्वेच्या कारखान्यात एकतीस वर्षं
त्याने ब्रेक तपासले,
मला गाडी शिकवताना ओरडायचा,
चालवता कुणालाही येतं,
थांबायला किती लागतं ते बघ आधी.
मी थांबतो.
चमचा हवेत, वरण गार होतंय.

फेब्रुवारीतली एक रात्र मी कुणाला सांगितलेली नाही.
अडीच वाजता स्वयंपाकघरातला नळ वाजला.
मी जिन्यात आलो. दाराच्या फटीतून दिसला,
वॉकर बाजूला, ओंजळ नळाखाली,
आणि पीत होता. पातळ, गार, साधं पाणी,
मनगटावरून कोपरापर्यंत वाहणारं.
दोन पावलं टाकायची होती मला.
मी उभा राहिलो.
एवढ्या आवाजात पाणी पिताना
त्याला कितीतरी दिवसांत ऐकलं नव्हतं.

चौथ्या दिवशी ताप. मग अकरा दिवस हॉस्पिटल,
छातीत पाणी म्हणे, कुठून आलं असेल.
मी म्हटलं, काय की.
दादा माझ्याकडे बघत होता.
त्यानेही काही सांगितलं नाही.

आता ग्वेनने तोडगा काढलाय.
जेवणाआधी नाही, जेवताना नाही,
मधल्या वेळात, आधी दात घासून, जीभ पुसून,
तोंडात शीत राहिलं नाही ना बघून,
साधं पाणी, चमच्याने,
मी समोर बसलेला असताना.
साडेतीनला.

साडेतीनला तो खुर्चीत ताठ बसलेला असतो
सव्वातीनपासून.
हनुवटी खाली. चमचा.
तो पाणी तोंडात थोडं धरून ठेवतो,
डोळे कुठेतरी खिडकीबाहेर, शेजाऱ्यांच्या कुंपणावर.
मग कंठमणी वर जातो
आणि मीही श्वास धरतो, बावळटासारखा,
खाली येतो.

"आ म्हण."
"चहा," म्हणतो.
आ म्हण, दादा.
"चहा. आल्याचा."

खणखणीत. कोरडा ठणठणीत.
मी मान हलवतो. चहा नाही.
दुसरा चमचा भरतो, अर्धा.